खोट्या वासाचे दिवस

देव पावल्याचे अनुभव मी पुष्कळ वाचलेले आहेत. ते लिहिणाऱ्यांचा मला नेहमी थोडा हेवा वाटतो, कारण आपल्याला काय मिळालं हे त्यांना शेवटी स्पष्ट कळलेलं असतं. मला ते अजून नीट कळलेलं नाही. ज्या वर्षी मी देवघराकडे पाठ फिरवली आणि ज्या वर्षी यांचा पाय गेला, त्या वर्षाला कृपेचं वर्ष म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी त्या वर्षात एक दुपार अशी येऊन गेली, की तिच्याबद्दल गप्प बसणंही बरं वाटत नाही. एवढ्यासाठीच लिहायला बसले आहे. मी काही लिहिणारी बाई नाही, तेव्हा जसं झालं तसं सांगते.

आम्ही देऊळघाटला राहतो. आमची पिठाची चक्की आहे; पुढे चक्की आणि मागे घर. मुलगा पुण्याला नोकरी करतो, सणावाराला येतो, बाकी घरात आम्ही दोघंच. यांना बरीच वर्षं शुगर आहे आणि त्यापायी तळपाय बधिर झाले आहेत. एकदा बाजारातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले होते. दुसरी कुठं पडली म्हणून विचारलं तर खाली बघून स्वतःच चकित झाले. तेव्हा आम्ही दोघंही खूप हसलो होतो. पाय आहे पण त्याची बातमी डोक्यापर्यंत पोचत नाही, हे किती भयंकर आहे, याचा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नाही. डॉक्टरांनी अनवाणी फिरायचं नाही असं बजावलं होतं, आणि हे ते पाळतही होते.

श्रावणात मला ताप आला. गावात सगळ्यांनाच येत होता, तसा मलाही आला आणि गेला. चार दिवसांनी उठून स्वयंपाकाला लागले, फोडणीत हिंग टाकला, आणि काहीच झालं नाही. तेल तडतडलं, मोहरी उडाली, पण वास म्हणून काही वर आला नाही. मी डबीच नाकाला लावली. कोरडी हवा. मग लसूण ठेचून पाहिला, रॉकेलची जुनी बाटली उघडून पाहिली, शेवटी वेड्यासारखी न्हाणीच्या मोरीपाशी जाऊन वाकले. कुठंच काही नाही. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं, पण वास परत आला नाही आणि त्याच्या मागोमाग चवही गेली. तिखट जिभेला झोंबायचं, मीठ कळायचं, पण भाकरी म्हणजे ओला पुठ्ठा आणि वरण म्हणजे गरम पाणी.

यात देवाचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. माझा होता. मी पोथीपुराणातली बाई नाही. स्तोत्रं मला पाठ होत नाहीत, आरतीतही मधली कडवी मी नुसती गुणगुणत ढकलते. पण सकाळी आंघोळ करून देवघरात बसलं, उदबत्ती लावली, तुळशीचं पान बोटात चुरडलं, शेवटी कापूर पेटवला, की माझ्या आत काहीतरी खाली बसायचं. घरातली सगळी कटकट तेवढ्यापुरती लांब जायची. त्या बसण्यालाच मी आयुष्यभर देव म्हणत आले. आता तेच सगळं करायची आणि आत काही म्हणजे काही हलायचं नाही. समोर पितळेच्या मूर्ती, दिव्याची वात, आणि पाय दुखताहेत म्हणून उठायची घाई करणारी एक म्हातारी होत चाललेली बाई. एवढंच उरलं होतं.

त्याहून वाईट पुढे होतं. घटस्थापनेच्या आसपास एका सकाळी मला वास आला. आनंदानं मी यांना हाक मारणार होते, तेवढ्यात तो वास नीट कळला. केस जळाल्यासारखा, त्यात गटाराचा. मी चहाच्या पातेल्यावर वाकले होते. चहा फेकला. मग कांदा चिरला तर तोच. साबणाला तोच, टूथपेस्टला तोच, धुतलेल्या पातळाला तोच. घटापुढे कापूर लावला आणि पोटात असं ढवळून आलं की मी तोंडावर पदर दाबून अंगणात पळाले. देवीपुढून उठून उलटी करायला जाणारी बाई मी माझ्या घराण्यात तरी पहिलीच असेन. ते सगळे दिवस अखंड दिवा घरात तेवत होता आणि मी त्याच्यापासून दूर, मागच्या दारात तोंड बाहेर काढून बसलेली असायची.

बुलडाण्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. माणूस भला होता, वेळ देऊन समजावलं. तापात नाकातल्या बारीक नसा मेल्या, आता त्या परत उगवताहेत, पण जोडण्या चुकल्या आहेत. पंख्याचं बटण दाबावं आणि भलताच दिवा लागावा तसं. लवंग, लिंबू, निलगिरी रोज हुंगत चला म्हणाले, सुधारेल, पण किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. मी रडायला लागले तेव्हा समजूत घालायला म्हणाले, "ताई, घाबरू नका. बाहेर कुठंही घाण नाही. तो वास तुमच्या मेंदूत तयार होतोय, इतकंच."

त्यांनी धीर द्यायला म्हटलं, पण ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. घाणेरडा वास जर माझ्या मेंदूत तयार होतो, तर पूर्वीचा चांगला वास कुठं तयार होत होता? तोही तिथंच की. म्हणजे कापराला सुगंध कधीच नव्हता? शेणावर बसलेल्या माशीला शेणच गोड लागत असणार. तिचं नाक खरं की माझं? आणि मग देवघरात आत जे खाली बसायचं, तेही बटण दाबल्यावर लागणारा दिवाच ना? तेव्हा वायर बरोबर जोडलेली होती म्हणून देव होता, आता चुकली म्हणून नाही. मी चुलीपुढे बसून हा हिशेब घालत राहायची आणि दर वेळी उत्तर तेच यायचं. मला कुणाचं तत्त्वज्ञान ठाऊक नाही. पण जगातलं खरं काय आहे ते आपल्यापर्यंत कधीच येत नाही, आपण फक्त आपल्या नाकाडोळ्यांच्या म्हणण्यावर जगतो, हे एकदा मनात शिरलं की माणूस कशाच्या आधारानं उभं राहणार? सकाळी जाग आली की पहिला विचार यायचा, आज परत उठावं लागणार. मी खूप बारीक झाले. थंडगार दहीभात तेवढा पोटात टिकायचा.

आणि यांचाही वास मला सोसेना. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दिवसभर चक्कीत राबलेला माणूस संध्याकाळी शेजारी येऊन बसला की माझ्या घशाशी यायचं. एके दिवशी मी सांगितलं, की तुम्ही बाहेर चक्कीच्या खोलीत झोपा. यांनी घोंगडी उचलली, खाट बाहेर नेली. जाताना एवढंच म्हणाले, "तुह्या नाकाचं हाय ते. तुहं नाही." मी बसल्या जागी भिंतीकडे तोंड केलं आणि तशीच बसून राहिले.

नवरात्रात आमच्याकडे पुष्कळ जण अनवाणी असतात, तसे हेही होते. मी काही म्हटलं नाही, नऊ दिवसांचाच प्रश्न. दसरा झाला तरी यांच्या पायात चप्पल दिसेना. कोजागिरी झाली, दिवाळी झाली. एकदा विचारलं, "आता काऊन अनवानी हिंडून राह्यले? डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"मातीत पाय असले म्हंजे बरं वाटते."

"तुम्हाले पाय कळतात कुठी?"

"नाही कळत म्हनूनच तं," असं म्हणून हसले आणि चक्कीत निघून गेले. एरवी मी हात धुऊन मागे लागले असते, चप्पल पुढ्यात आदळली असती. पण तेव्हा माझं सगळं लक्ष माझ्यातच अडकलेलं होतं.

चक्कीच्या दगडाची धार गेली की त्याला टाकी घालावी लागते, म्हणजे छिन्नीनं ठोकून ठोकून तो परत खडबडीत करावा लागतो. दगडाच्या बारीक कपच्या उडून भुईवर पसरतात. हे काम करताना यांच्या पायात नेहमी जाड बूट असायचे. त्या दिवाळीनंतर यांनी अनवाणीच टाकी घातली. एक कपची तळव्यात गेली आणि आतच राहिली. यांना ती कळली नाही. नंतर फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा टाच फुटली असेल म्हणून हळद लावली आणि फडकं गुंडाळलं. हे सगळं मला पुढे समजलं.

मला समजली ती दुसरी गोष्ट. त्या जळक्या वासाच्या खाली मला आणखी एक वास यायला लागला. वेगळा, गोडसर, जड. हे जेवायला बसले की यायचा, उठून गेले की कमी व्हायचा. मी म्हटलंसुद्धा, "तुमच्या पायाचा वास येऊन राह्यला."

हे म्हणाले, "तुले तं देवाच्या कापराचाबी येते."

मला ते पटलं. इतक्या दिवसांत मी एवढंच शिकले होते, की माझं नाक सांगेल ते खोटं. शेजारणीलाही मी हेच सांगायची, मुलाला फोनवर हेच सांगायची, आणि स्वतःलाही. तेव्हा हा नवा वासही मी त्याच खोट्याच्या ढिगात टाकला आणि नाकाला रुमाल बांधून भाकऱ्या थापायला बसले.

मार्गशीर्षात शेजारच्या सुमनबाईंकडे रोडगे होते. त्यांच्या घरचा नवस फळला होता, म्हणून नदीकाठच्या आसरांना रोडग्यांचा नैवेद्य. आमच्याकडे हा कार्यक्रम रानातच करतात. गोवऱ्यांचा आर लावून त्यात कणकेचे गोळे भाजायचे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी, वरण, आणि पाण्यातल्या त्या सात बहिणींना नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी बोटसुद्धा चाटायचं नाही. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून जेवू घालायचीही रीत आहे. मला जायचं नव्हतं. वांग्याची भाजी पूर्वी माझ्याच हातची व्हायची. आता मी त्या धुराजवळ जाऊ शकणार नव्हते. पण हे हटून बसले. "लोकाइत बस जराशीक. घरात बसून बसून तू सुकून चालली," म्हणाले. माझ्यासाठी यांचा आवाज कधी असा कातर झालेला मी ऐकला नव्हता. गेले.

पंगत तुरीच्या वावराच्या कडेला बसली. मी अगदी टोकाला, धूर येणार नाही अशी जागा धरली. माझ्या शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसली. काळा बुरखा, नकाब डोक्यावर सारलेला, मांडीशी नायलॉनची पिशवी. डोणगावला लेकीकडे निघाली होती, लेकीचे दिवस भरत आले होते. रस्त्यात ऑटो बिघडला आणि सुमनबाईंच्या मालकांनी, जेवल्याबिगर जाऊ देत नाही म्हणून बोलावून आणलं. ती मोकळेपणानं बसली, रोडगा कुस्करला, वर तूप घेतलं, भाजीची मनापासून तारीफ केली. मी तिला मुकाट्यानं बघत होते. जेवताना कुणाच्या तोंडावर सुख दिसलं की तेव्हा मला रडू यायचं.

हे वरणाची बादली घेऊन वाढायला निघाले होते. आमच्या पानांत वाढून पुढे गेले. त्या बाईचा हात मधेच थांबला. तिनं बुरख्याचं टोक नाकाला लावलं. मला वाटलं, धूर लागला असेल. मग ती माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "बाई, तुमाले काही वास येऊन राह्यला का?"

माझा घास हातातच राहिला. "कोनता वास?"

"मास सडल्यावर येते ना, गोडगोड, तसा. आत्ता एकदम आला."

"मले लय दिवसाचा येऊन राह्यला," मी म्हटलं. "पन माह्यं नाक बिघडेल हाय. मले खोटे वास येतात."

"खोटा कायचा?" ती म्हणाली. "मले बी येऊन राह्यला ना!"

मला रडूच फुटलं. किती महिन्यांनी माझ्या आत जे होतं तेच दुसऱ्या कुणाच्या तरी आत होतं. मी जगाच्या बाहेर पडले नव्हते. तिच्या नाकात आणि माझ्या नाकात एकच हवा जात होती, एकच गोष्ट सांगत होती. त्या बाईच्या गळ्यात पडावं असं मला वाटलं. पण तो आनंद घासभरही टिकला नाही. वास खरा असेल तर तो कुठून तरी येत असणार, आणि कुठून येतो ते मला चांगलं माहीत होतं.

"अहो, खाली बसा," मी ओरडले.

"पंगत तं वाढू दे."

"बसा म्हनते ना!"

सगळी पंगत आमच्याकडे बघायला लागली. हे बादली ठेवून गोंधळून खाली बसले. मी पायाचं फडकं सोडायला घेतलं तर ते चिकटलेलं होतं. त्या बाईनं स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, थोडं थोडं पाणी सोडत फडकं भिजवलं, आणि मांडीवर यांचा पाय धरून ठेवला. एवढ्या घाणीत तिनं तोंड फिरवलं नाही. फडकं निघालं. तळव्याला भोक पडलं होतं आणि दोन बोटं काळी झाली होती. "या अल्लाह," एवढंच ती म्हणाली. मग माझा खांदा हलवून, "बाई, रडू नका आता. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. माह्या सासऱ्याचं असंच झालं होतं, आमी उशीर केला." हे आपल्याच पायाकडे असे बघत होते, जसा तो दुसऱ्याचा असावा. म्हणाले, "दुखत तं काहीच नाही."

कुणाच्या तरी जीपमधून बुलडाण्याला नेलं, तिथून मुलगा येऊन संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. आधी बोटं काढली. मग विष वर चढतंय म्हणाले, आणि पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. विष रक्तात उतरायला फार वेळ राहिला नव्हता, वेळेवर आणलंत, असं तिथले डॉक्टर मुलाला म्हणाले. वेळेवर हा शब्द ऐकून मला हसू आलं. आम्ही एका घरात राहणारी दोन माणसं, आणि एक परकी बाई जेवायला बसली म्हणून वेळेवर.

ऑपरेशननंतर एक नर्स यांच्यावर रागावली, शुगरचा पेशंट अनवाणी फिरतो कसा, घरात सांगणारं कुणी नाही का. हे भिंतीकडे बघत म्हणाले, "नवस होता."

"कायचा नवस?" मी विचारलं.

मग म्हणाले, "तुह्या नाकाचा. तुले वास येईपरेंत पायात काही घालत नाही, असं बोललो होतो देवीले."

मी उठून बाहेर आले. तिथल्या बाकावर बसले आणि संध्याकाळ होईपर्यंत तिथून हलले नाही. मला रडूही आलं नाही. माझ्या नाकासाठी यांनी पाय दिला, आणि माझं नाक बिघडलेलं म्हणूनच तो वाचवता आला नाही. कुणी ठरवून रचलं असतं तरी इतकं दुष्ट रचता आलं नसतं. मी देवीला मनातल्या मनात विचारलं, की एका भोळ्या माणसानं तुला शब्द दिला, त्याच्या पायाखालची एक कपची तुला बाजूला सारता आली नाही? उत्तर यायचं नव्हतं, आलंही नाही. त्या दिवसानंतर मी देवाशी बोलायचं बंद केलं. घरी आल्यावर देवघराचं दार ओढून घेतलं. सुमनबाई येऊन दिवा लावून जायच्या, मी नको म्हटलं नाही, कारण तेवढंही बोलायची ताकद नव्हती. जगण्यात अर्थ नाही असं लोक सहज म्हणतात. मला ते दिवस आठवले की अजून छातीत गार पडतं.

गावात हळूहळू बोलणं सुरू झालं की रोडग्याच्या दिवशी आसराच आली होती. मी सांगायची, ती बुरखा घातलेली बाई होती, तिची लेक बाळंत व्हायची होती. तर म्हणायचे, देवाला काय, कोणतंही रूप घेता येतं. मी वाद घातला नाही. जीपची धावपळ चालली असताना ती आपला ऑटो दुरुस्त झाला म्हणून निघून गेली होती; तिचं नावही कुणी विचारलं नव्हतं. एकदा सुमनबाईच रडत म्हणाल्या, की त्यांनाही तो वास आठवडाभर येत होता, पण एखाद्याच्या घरधन्याच्या अंगाला वास येतो हे तोंडावर कसं सांगायचं, म्हणून लाजेकाजेनं राहिल्या. ओळखीच्या सगळ्यांना लाज होती. परक्या बाईला नव्हती. हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. ती देवी नव्हती, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तिची लेक सुखरूप सुटली असावी, म्हणून मी रोज हात जोडते, आणि कुणाला जोडते ते मला सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या रिकाम्या दिवसांत मनात आली. ती कपची यांच्या पायानं सांगितली नव्हती. म्हणून ती नव्हती, असं झालं नाही. तो सडका वास मी खोट्यात काढला होता, म्हणून तो खोटा ठरला नाही. आपल्याला लागत नाही म्हणून एखादी गोष्ट नाहीच, असं म्हणायला निदान आमच्या घरात तरी आता जागा नव्हती. याहून पुढे जाऊन देवाबद्दल काही म्हणायचं धाडस मला झालं नाही. पण देवघराच्या ओढून घेतलेल्या दाराकडे बघताना पूर्वीइतकी खात्री वाटेनाशी झाली.

यांच्या उरलेल्या पायासाठी दवाखान्यातून मऊ अस्तराचा बूट दिला होता. तो घालायचाच, घरातसुद्धा, नाहीतर हाही पाय जाईल, असं चारचारदा सांगितलं होतं. हे घालेनात. कुबडी घेऊन अनवाणी उभे राहायचे. मुलानं फोनवर समजावलं, चिडला, रडला. सुमनबाई म्हणाल्या, पुजाऱ्याला विचारा, नवस सोडवून घेता येतो. हे म्हणाले, "मी पुजाऱ्याले बोललो होतो का?" मी पाया पडले तर पाय मागे घेऊन म्हणाले, "तुले वास आला का? मंग?" तो एक पाय जमिनीवर बघितला की माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. रोज आंघोळीनंतर तो मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या बघायची, तळव्यावरून हात फिरवायची, आणि आज नाही, आज नाही असं म्हणत सोडायची. असं किती दिवस चालणार होतं?

मग एका सकाळी मी देवघराचं दार उघडलं. आंघोळ करून बसले, कापूर लावला. तोच जळक्या केसांचा वास आला, काही बदललं नव्हतं. पदर न लावता मी तो सगळा जळेपर्यंत बसून राहिले. मी म्हटलं, तू आहेस की नाहीस हे माझ्या नाकाला विचारून उपयोग नाही, ते मी आता सोडलं. तुझ्यापुढे आज मी खोटं बोलणार आहे. पाप लागत असेल तर मला लागू दे, यांच्या पायाला लावू नको. एवढं बोलून उठले आणि बाहेर येऊन म्हटलं, "अहो, आला. कापराचा वास आला."

हे माझ्याकडे बघत राहिले. जन्मभर गिऱ्हाइकं पारखलेला माणूस. "खरं म्हनतं?"

"हाव."

"डोये मिट."

मी मिटले. कुबडीचा आवाज पिठाच्या डब्यांकडे गेला, झाकण वाजलं, आवाज परत आला. माझ्या नाकाशी यांनी मूठ धरली होती. "सांग. हरबऱ्याचं हाय का जवारीचं?"

मी खोल श्वास घेतला. तीच जळकी घाण, दुसरं काही नाही. हरभरा नाही, ज्वारी नाही. आयुष्यभर मी या दोन पिठांच्या मधोमध राहिले आणि आता मला त्यांतलं एकही सापडत नव्हतं. चुकले असते तर तो बूट तसाच राहणार होता. मी देवाकडे उत्तर मागितलं नाही. मागायला मन धजलं नाही. तुला काय करायचं ते कर, एवढंच मनात आलं, आणि तोंडातून निघालं, "हरबऱ्याचं."

मग मला यांचा श्वास सुटल्याचा आवाज आला. "बरोबर," हे म्हणाले. आवाज ओला होता. स्टूल सरकल्याचं ऐकू आलं. मी डोळे उघडले तर हे बसलेले होते आणि त्यांनी पाय पुढे केला होता. मी बूट आणला, खाली बसले. यांचा हात गुडघ्यावर उताणा पडलेला होता, माझ्या डोळ्यांपासून वितीवर, आणि त्यावर पीठ अजून तसंच होतं. पिवळं आहे की पांढरं, ते एका नजरेत कळलं असतं. मी वर पाहिलं नाही. बूट चढवला, पट्टा लावला, आणि तिथंच बसल्या बसल्या डोळे मिटून देवाला हात जोडले.